पावणेपाच स्टार: माजोर्ड्याजवळची बिनपाटीची बेकरी आणि 'पाव' नावाचा फिरस्ता शब्द

आधी रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी पावणेपाच. पाव कुठे कापला ते पुढे येईलच.

बेकरीचं नाव विचारू नका, पाटीच नाहीये. दक्षिण गोव्यात, सासष्टीत, मडगावहून समुद्राकडे निघालात की माजोर्ड्याच्या जरा अलीकडे एका वाड्यावर जुनं कौलारू घर आहे, मागच्या अंगाला भट्टी, पुढच्या ओट्यावर एक लाकडी टेबल, टेबलावर टोपल्या, झालं दुकान. पत्ता विचारायचा तर "पोदेर खंय रावता?", म्हणजे पाववाला कुठे राहतो, असं विचारा, कोणीही हात करून दाखवतं, आणि पहाटे गेलात तर विचारायचीही गरज नाही, वासावर पोचता येतं.

मी पुण्याची, जपानी दुभाष्याचं काम करते, त्यामुळे शब्दांच्या मागे लागायची सवय आहे, पण हा रिव्ह्यू लिहायचं पहिलं कारण पोटच आहे. गोव्याला जाऊन आलेले आपले लोक माशांवर, काजूंवर, बेबिंकावर भरभरून लिहितात आणि पावाच्या वाट्याला एक ओळ येते, "सोबत गरमागरम पाव होते". बस्स. अरे ज्या पावाने तुम्ही शाकुतीचा शेवटचा थेंब पुसून खाल्लात त्याच्याबद्दल एवढंच? मला हे कधीच पटलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

तर टेबलावर काय काय असतं. साधे पाव, आपल्या लादीतल्यासारखेच एकमेकांना चिकटलेले, मऊ. उंडे, म्हणजे गोल, वरून कडक, मधोमध एक चीर, दाबला की करकर वाजतो आणि आतून एकदम हलका. पोई, चपटी गोल, कोंडा लावलेली, फाडली की आत पोकळ, त्यात चोरीस म्हणजे गोव्याचं सॉसेज भरा, ऑम्लेट भरा, नाहीतर नुसतं लोणी लावा. कातरे पाव, पीठ कात्रीने कापून फुलपाखरासारखा आकार दिलेले. आणि कांकणं, बांगडीसारखी कडक कडी, चहात बुडवून खायची. यातलं सगळं रोज असेलच असं नाही पण उंडे, पोई आणि पाव असतातच.

माझ्यासाठी इथला राजा उंडा. बाहेरचं कवच पातळ पण खरंच कडक, शहरातल्या बेकऱ्यांत 'कडक पाव' म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा नुसतं वाळलेलं असतं, हे तसं नाही, हे भाजून कडक झालेलं आहे आणि आतला भाग ओलसर, जाळीदार. पोईसुद्धा उत्तम, कोंडा नुसता वरून भुरभुरलेला नाही तर पिठातही आहे, त्यामुळे चव जरा खमंग आणि पोटाला आधार जास्त. दोन पोया खाल्ल्या की दुपारपर्यंत बघायला नको.

आणि आता ही नावं नीट बघा ना. उंडा हा आपलाच शब्द, कणकेचा उंडा करतो, पुरणाचा उंडा करतो, तोच. पोई म्हणजे पोळी. कातरे पावात कातर आहे, कांकणात कंकण आहे. म्हणजे भट्टी लावायची रीत पोर्तुगीजांची, कसब त्यांच्याकडून शिकलेलं, गोवा तर भाताचा मुलूख म्हणजे गहूसुद्धा बाहेरून आणायचा, आणि तरी टोपलीतला प्रत्येक जिन्नस गावातलंच नाव घेऊन बसलाय. परका शब्द एकच, तो म्हणजे पाव. त्यातही आपल्याला तो परका कधी वाटला? हा एवढासा दोन अक्षरी शब्द कुठून कुठे गेलाय ते कळल्यापासून मला या टेबलासमोर उभं राहिलं की वेगळंच वाटतं.

त्याच्याआधी भट्टीबद्दल लिहायलाच हवं. दुकान चालवणाऱ्या आंटींनी मला मागे जाऊ दिलं, लांब उभं राहायच्या अटीवर. भट्टी घुमटासारखी, बाहेरून जांभा दगड, आतून विटा, तोंड मात्र लहानसंच. कोकणीत हिला फोर्न म्हणतात, तोही पोर्तुगीज फोर्नोवरून आलेला. लाकडं आतच पेटवतात, ती जळून निखारे झाले की निखारे बाजूला ओढायचे, ओल्या गोणपाटाने आतली जमीन पुसायची आणि मग त्या साठलेल्या उष्णतेवर पाव भाजायचे, म्हणजे भाजताना आत जाळ नसतोच. आंटींचा मुलगा चिमूटभर कोंडा आत टाकतो, झटकन काळा पडला तर अजून थांबायचं, सावकाश तांबूस झाला तर भट्टी तयार. पोई सगळ्यात आधी कारण ती फुगायला कडक आच लागते, लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून आत सरकवली की बघता बघता टम्म. मग उंडे, मग पाव, आणि भट्टी उतरत आली की कांकणं, ती कितीतरी वेळ आतच पडून राहतात आणि सावकाश वाळतात. एका पेटवणीत हे सगळं बसवायचं म्हणजे डोक्यात पूर्ण हिशेब पाहिजे, आणि तो मुलगा हे करताना फोनवर कोणाशीतरी बोलत होता!

आंटी म्हणाल्या, "आदीं सूर घालताले, आतां यीस्ट." सूर म्हणजे नारळाची ताडी, आपल्याकडे कोकणात माडी म्हणतात ती. ही एक गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. १५१० मध्ये पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा त्यांना जेवायला पाव हवा आणि चर्चमधल्या विधीलाही गव्हाची भाकर हवी, पण इथे पाव फुगवायला खमीर कुठून आणणार. मग माडाची सूर वापरली, ती ताजी असतानाच आंबायला लागते, पीठ मस्त फुगतं. जेझुइट पाद्र्यांनी सासष्टीतल्या माजोर्ड्याच्या लोकांना हे काम शिकवलं आणि इथून पोदेर सगळ्या गोव्यात गेले असं गोव्यात सगळेच सांगतात, आणि त्याचं कारणही सूरच सांगतात, इथली सूर चांगली म्हणून. आता माडावर चढून सूर काढणारे रेंदेरच फार कमी उरलेत, त्यामुळे बहुतेक ठिकाणी यीस्टच. ही बेकरीही त्याला अपवाद नाही, आणि याचे मी मार्क कापलेले नाहीत, कारण त्यांनी ते लपवलं नाही.

आता शब्द. पोर्तुगीजमध्ये त्याचा उच्चार साधारण 'पाऊं' असा, शेवट पूर्ण नाकात. पाव करणारा तो पादेइरु, त्याचा कोकणीत झाला पोदेर. मराठीत येताना नाकातला सूर गळाला आणि राहिला सरळ 'पाव'. पण गुजराती लोक अजून 'पाऊं' म्हणतात, पाऊंभाजीच्या गाडीवरची गुजराती पाटी वाचा, वर अनुस्वार दिसेल. ओडियात 'पाउँरुटी', तिथेही नाकातला आवाज शाबूत. बंगालीत पाउरुटी, हिंदीत पावरोटी, नेपाळीत पाउरोटी. यांना पाव म्हणजे काय ते कळावं म्हणून पुढे रोटी जोडावी लागली, आपल्याला नाही लागली, आपण नुसता पाव म्हणून मोकळे. शेजारी गोवा, दमण, वसई, चौल असल्यावर ओळख करून द्यायची गरजच काय.

मुळात हा लॅटिन 'पानिस'. त्याचं फ्रेंचमध्ये झालं पँ, स्पॅनिशमध्ये पान, इटालियनमध्ये पाने. इंग्रजीत ब्रेडला ब्रेड म्हणतात पण हा पानिस तिथेही चोरपावलांनी शिरलाय, पँट्री म्हणजे पाव ठेवायची खोली. आणि कम्पॅनियन, म्हणजे ज्याच्याबरोबर एकाच पावाचा तुकडा खायचा तो सोबती, 'कोम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे पाव. त्यावरूनच कंपनी. आपण दिवसातून शंभर वेळा "कंपनीत जाते", "कंपनीची बस", "मला जरा कंपनी दे" म्हणतो, आमच्या आजोळी तर ब्रिटिशांच्या राज्याला अजून 'कंपनी सरकार' म्हणतात, त्या सगळ्यात पावाचा तुकडा आहे हे कळल्यावर मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत सुटले होते.

माझा या बेकरीशी संबंध आला तोसुद्धा कंपनीमुळेच. आमचे जपानी साहेब, चाकणच्या प्लँटला आलेले, सुट्टीत त्यांना आणि त्यांच्या बायकोला गोवा दाखवायला आम्ही तिघं-चौघं घेऊन गेलो होतो. सकाळी सायकलवरचा पोदेर पों पों करत आला, मागे मोठी टोपली, वर निळं प्लॅस्टिक, त्याने प्लॅस्टिक बाजूला केलं आणि साहेबांच्या बायको आत डोकावून एकदम म्हणाल्या, "आ, पान!" आमच्यातल्या एकाला वाटलं बाईंना विड्याचं पान हवंय, तो म्हणतो आणतो कुठूनतरी, आणि पोदेर मात्र मान डोलवून म्हणाला, "हय, पाव." त्याला बरोबर कळलं! मी तिथे दुभाषी होते आणि दुभाष्याची गरजच पडली नाही. मग त्याच पोदेराला विचारून आम्ही बेकरीपर्यंत गेलो.

जपानीत पावाला 'पान'च म्हणतात, आणि तोही पोर्तुगीजांकडूनच घेतलेला. १५४३ मध्ये पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर उतरले, त्यांच्या मागोमाग पाद्री आणि व्यापारी आले, शब्दही आला. जहाजं गोव्याहून मलाक्का, मकाव करत नागासाकीला जायची, गोवा ही त्यांची पूर्वेकडची राजधानी, म्हणजे माजोर्ड्याचा पाव आणि नागासाकीचा पान हे एकाच जहाजमार्गावरचे भाऊ आहेत. पुढे १६१४ मध्ये तिथे ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, १६३९ मध्ये पोर्तुगीज जहाजांनाच मज्जाव झाला, आणि पाव करणं जवळजवळ थांबलं. वस्तू गेली, शब्द राहिला. दोनशे वर्षांनी, १८४२ मध्ये एगावा हिदेतात्सु नावाच्या अधिकाऱ्याने सैनिकांना शिदोरी म्हणून टिकाऊ कडक पाव भाजायला घेतले तेव्हा नवा शब्द शोधावा लागला नाही, 'पान' होताच.

आणि आता खमिराची गंमत पुढे ऐका. मेइजी काळात तोक्योत किमुरा यासुबेई नावाचा माणूस बेकरी चालवायचा, त्यालाही तीच अडचण, पाव फुगवायला तिथे सोयीचं खमीर नाही. त्याने काय केलं, साके दारू करताना जे तांदळाचं आंबवण वापरतात त्यानेच पीठ फुगवलं, आत गोड लाल चवळीसारख्या दाण्यांचं पुरण भरलं, आणि १८७४ मध्ये 'आनपान' विकायला काढला. पुढच्याच वर्षी, १८७५ च्या एप्रिलमध्ये, तो सम्राट मेइजींपुढे ठेवला गेला. गिंझामध्ये ते दुकान आजही आहे. सांगायचा मुद्दा असा की गोव्यात माडाची सूर आणि जपानात साकेचं आंबवण, शब्द पोर्तुगालहून जसाच्या तसा आला पण पाव फुगवला तो ज्या त्या मातीतल्या दारूने. साहेबांना हे भट्टीपाशी उभं राहून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग आंटींकडे वळून वाकले आणि सूर कुठे प्यायला मिळेल ते मला विचारायला लावलं. आंटी जाम हसल्या.

त्यांच्या बायकोला पोई फार आवडली. जपानी लोकांना पाव अतिशय मऊ आवडतो, तिकडचा शोकुपान म्हणजे हातात घेतला तरी दबतो, म्हणून मला वाटलं होतं त्या साधा पाव उचलतील, पण नाही, पोईच. फाडून आत आंटींनी दिलेली चण्याची तोणाक, म्हणजे रस्साभाजी, भरून खाल्ली आणि म्हणाल्या, आमच्याकडे कारेपान असतो. कारेपान म्हणजे पावाच्या पिठात कढीसारखी दाट करी भरून, वरून पावाचा चुरा लावून तळलेला. ऐकताना मला आपला ब्रेडपकोडाच आठवला.

जपानीतून हा शब्द कोरियनमध्ये गेला, तिथे 'प्पांग' म्हणतात. थाई भाषेत 'खानोम पांग', त्यातला पांगही पोर्तुगीजांचाच असं मानतात. पूर्व तिमोरच्या तेतुम भाषेत 'पाउन'. आणि श्रीलंकेत, जिथे पोर्तुगीज गोव्याच्याही आधी १५०५ मध्ये पोचले होते, सिंहलीत पावाला 'पान' म्हणतात आणि तिथल्या तमिळमध्येही 'पाण'. तिथे पोदेराच्या सायकलीच्या जागी रिक्षा फिरतात, काचेच्या कपाटात पाव आणि बन रचलेले, आणि वर बेथोव्हेनची 'फ्युर एलिझा' ही धून वाजत असते, आपल्याकडे गाडी रिव्हर्स घेताना वाजायची तीच. त्याला 'चून पान' म्हणतात, म्हणजे ट्यूनवाला पाव. गोव्याचा पों पों आणि कोलंबोचा बेथोव्हेन, दोन्हीकडे आवाज ऐकून बायका पिशवी घेऊन बाहेर येतात.

एक खुलासा मात्र करायलाच हवा कारण हल्ली फार ऐकते. पणजीतल्या, पुण्यातल्या नव्या कॅफेंत 'बाओ' मिळतो, वाफवलेला पांढरा मऊ बन, आणि मलेशिया-सिंगापूरमध्ये त्याला 'पाऊ' म्हणतात. लोक लगेच म्हणतात बघा पाव आणि पाऊ एकच. अजिबात नाही. तो चिनी शब्द आहे, त्याचा अर्थ गुंडाळणं, पोटात सारण गुंडाळलंय म्हणून बाओ. पोर्तुगीजांशी त्याचं काहीही नातं नाही. दिसायला सारखे, आवाज सारखा, आणि रक्ताचा संबंध शून्य, असे शब्द असतात.

आता तसंच घरातही आहे की. आपल्याच मराठीत किती पाव आहेत बघा. मी टेबलाशी उभी असताना एक गृहस्थ, बहुतेक सिंधुदुर्गातले, आंटींना म्हणाले, "पाव किलो टोस्ट आणि सहा पाव द्या." एका वाक्यात दोन पाव आणि दोघांची ओळखदेखही नाही. पहिला पाव संस्कृत 'पाद' वरून आलेला. पाद म्हणजे पाय, जनावराला चार पाय म्हणून पाद म्हणजे चौथा हिस्सा, श्लोकाचाही एक पाद असतो. त्यावरून पावशेर, पावली म्हणजे चार आणे. पाव कमी असेल तर पाद आणि ऊन मिळून पाऊण, म्हणूनच पावणेपाच म्हणजे पाव उणे पाच. पाव जास्त असेल तर सपाद, त्याचा सव्वा. आपली सगळी घड्याळं, सगळे भाव या पावावर चालतात, आणि इंग्रजी शाळेतल्या मुलांना पावणे आणि सव्वा शिकवताना पालकांचं जे काही होतं ते मी माझ्या भाच्याच्या बाबतीत बघितलंय. याच पादाचे नातेवाईक तिकडे युरोपातही आहेत, लॅटिनमध्ये पाय म्हणजे 'पेस, पेडिस', त्यावरून पेडल. म्हणजे आमचा पोदेर मागे पोर्तुगीज पाव बांधून ज्या पेडलवर पाय मारतो तो पेडल आपल्या पाव किलोचा चुलतभाऊ! हे नातं मात्र खरं आहे, बाओसारखं नाही.

तिसरा पाव 'पावणे' मधला, देव पावला, नवसाला पावला. तो संस्कृत 'प्राप्' वरून, मिळणं, पोचणं. त्याचीच पावती, म्हणजे मिळाल्याची खूण. आंटींकडे पावती मिळत नाही, ते जाऊ दे.

हे सगळे पाव एकमेकांत मिसळले की मग दंतकथा तयार होतात. लहानपणापासून आपण ऐकतो, पायाने मळतात म्हणून पाव. कोणी म्हणतं लादीचे चार भाग होतात, एक भाग म्हणजे पाव, म्हणून पाव. दोन्ही खोटं. लादी पडायच्या कितीतरी आधी लिस्बनमध्ये तो पाऊंच होता. चार भागांची गोष्ट निरुपद्रवी आहे, पण ती पायाने मळण्याची गोष्ट मला मनापासून खटकते, कारण तिच्यामागे किळस आहे आणि ती किळस कोणाविषयी होती ते आपल्याला माहीत आहे. परधर्मीयाने केलेलं खायचं नाही, त्याचा हात लागलेलं खायचं नाही. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि अख्खं गाव बाटलं, अशा गोष्टी वसईपासून गोव्यापर्यंत पिढ्यान्पिढ्या सांगितल्या गेल्या. पुण्यात तर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा आणि बिस्किटं समोर ठेवली गेली म्हणून केवढं वादळ उठलं, टिळक आणि रानडे यांच्यासारख्या माणसांनाही प्रायश्चित्ताच्या फेऱ्यात सापडावं लागलं. आणि त्याच महाराष्ट्राची आज ओळख काय, तर वडापाव. दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमाराला अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली असं मानलं जातं. त्यात वडा हा संस्कृत 'वटक', बटाटा अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या तोंडून आलेला, मिरची तीही तिकडचीच, आणि पाव हा असा. मला याचा खरंच आनंद होतो. या भट्टीवर आंटी स्वतः कोपरापर्यंत पीठ माखून मळतात, माझ्या डोळ्यांनी बघितलंय, पुढच्या वेळी तुमच्यासमोर कोणी पायाची गोष्ट काढली तर कृपया तिथल्या तिथे थांबवा.

बरं आता तो कापलेला पाव. तो साध्या पावासाठीच कापलाय. उंडा आणि पोईच्या मानाने साधा पाव कमी पडतो, तळाला जरा कच्चट, लादीच्या मधले तर नक्कीच, आणि किंचित गोड. गोड पाव मला रश्शाबरोबर नाही आवडत. भट्टी उतरत आल्यावर ते आत जातात म्हणून असेल. सकाळच्या पहिल्या लादीतले बरे असतात, कडेचे मागून घ्या.

बाकी छोट्या तक्रारी. गाडी लावायला जागा नाही, रस्ता अरुंद, चारचाकी चॅपेलपाशी लावून चालत या आणि लोकांच्या दारात लावू नका, तिथल्या माणसांना पर्यटकांचा आधीच पुरेसा त्रास आहे. सातनंतर गेलात तर "पाव सोंपले, पोयो आसात" हे ऐकायची तयारी ठेवा, साडेसातला बहुधा पोयाही नसतात, कारण टोपल्या सायकलींवर निघून जातात आणि तेच त्यांचं खरं गिऱ्हाईक, आपण नाही. स्वतःची कापडी पिशवी न्या, गरम पाव प्लॅस्टिकमध्ये भरले की घाम सुटून कवच मऊ पडतं आणि उंड्याचा सगळा मुद्दाच संपतो. सुट्टे पैसे न्या, क्यूआर कोड चिकटवलाय पण तिथे रेंज नसते.

पुण्या-मुंबईला न्यायचे असतील तर उंडे नेऊ नका, संध्याकाळपर्यंत त्यांची मजा जाते. पोई दोन दिवस टिकते, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, चामड्यासारखी होते, पाण्याचा हात फिरवून तव्यावर झाकण ठेवून मिनिटभर ठेवा. कांकणं डब्यात महिनाभर सहज राहतात. दुसरी भट्टी दुपारी लागते आणि साडेतीन-चारला पाव बाहेर येतात, त्या वेळी गर्दी कमी असते, आंटींना बोलायला वेळ असतो, आणि त्या मराठी छान बोलतात. रविवारी दुपारची भट्टी बंद.